सतरा नंबरचा फॉर्म

उजनीच्या पाण्याकाठच्या आमच्या हायस्कुलात उसवाल्यांची, मेंढरं विकून शेतीला लागलेल्यांची, मासेमारांची, सगळ्यांचीच पोरं. वर्ग गच्च. तरी दहावीचा निकाल शंभर टक्के. कसा, ते आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं. नववी काठावर पास झालेल्यांना जूनमध्येच दाखला द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं. नापास झाली तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत.

त्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी यादीत आली. वडील नव्हते. पहाटे आईबरोबर जाळी काढून यायची, पहिला तास बुडायचा. तिला बारामतीला नर्सिंगला जायचं होतं. मी त्यांच्या खोपटावर गेलो. परीक्षा तीच, रोज यायची कटकट नाही, फॉर्म मीच भरतो, असं पटवलं. आईनं एवढंच विचारलं, "सर, पोरगी परीक्षेला बसंल न्हवं?"

"बसेल. माझ्यावर सोडा."

तिनं सही केली. फॉर्म, मुलीनं आणून दिलेली आधार कार्डाची झेरॉक्स, सगळे कागद माझ्या कपाटात पडले आणि विज्ञान प्रदर्शनाच्या गडबडीत मी विसरलो. आठवलं तेव्हा विलंब शुल्काचीही मुदत गेली होती. कुणालाच बोललो नाही. मुलगी बाजारात भेटली की भूमितीतलं अडलेलं विचारायची. मी प्रमेय समजावून सांगायचो. परीक्षा नाही हे माहीत असून.

हॉलतिकिटं वाटली त्या दिवशी ती येऊन ओळीत उभी राहिली. नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "आधार कार्ड दिलंच नाही तुम्ही. फॉर्म परत आला."

"दिलं होतं, सर."

मी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी आई आली, प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड घेऊन. "दिल्तं दिल्तं म्हणतीया. खोटं बोलती म्हणून लई मारली तिला. चूक आमचीच हाय, सर. पर आता काय तरी करा." असं म्हणून ती वाकली. माझ्यापेक्षा मोठी बाई. मी तिला पाया पडू दिलं आणि म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षापर्यंत मुलीचं लग्न झालं होतं. कुठं दिली, हे विचारायला मी खोपटावर गेलो नाही. आई अजून तिलाच खोटी समजत असेल.