बापाने वेळ द्यावा

सायली गावातल्या धागा कंपनीत एक रीत होती, अजूनही आहे. पुढच्या पाळीचा रिलिव्हर येऊन शेजारी उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तो आलाच नाही, तर त्याची पाळीही तूच कर. कारभारीने ही रीत कधी मोडली नव्हती. साक्रीकडचा हा गडी अंगाने किरकोळ, पण जिभेने तिखट. तो राहायचा त्या नरोली गावातल्या चाळीत पाण्यावरून जुंपली की बायका भांडायला त्यालाच पुढे करत. कंपनीत मात्र तो मुकाट राबायचा, कारण नोकरी गेली तर पोरीची शाळा सुटली असती.

पोरगी मंजुषा चौथीत. बाप तिला दिसायचा तो बहुधा झोपलेलाच. कंपनीने ‘फॅमिली डे’ ठरवला, कॅंटीनमध्ये पोरांना कार्टूनचा सिनेमा दाखवणार असं कळलं, तेव्हा म्हणूनच कारभारीने तिला शब्द दिला, “तुझ्या शेजारी बसून बघणार.” पाळी दुपारी सुटायची होती, सिनेमा त्यानंतर होता.

दुपार झाली तरी रिलिव्हर लखनचा पत्ता नाही. सुपरवायझर म्हणाला, “त्याला मॅनेजर मिलिंद साहेबांनी कॅंटीनमध्ये खुर्च्या लावायला नेलंय. थांब थोडा.” थोडा म्हणजे किती, हे तिथे विचारायची सोय नाही. कारभारी धाग्याने भरलेल्या बॉबिन उतरवत राहिला, रिकाम्या चढवत राहिला आणि मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला.

शेजारच्या मशीनवरचा चिंधा कॅंटीनमधून पाणी पिऊन आला तो हसतच. मशीनच्या आवाजात कारभारीच्या कानाशी तोंड नेऊन त्याने तिथे ऐकलेलं सगळं सांगितलं. सिनेमात एक अस्वल. दिवसभर मध गोळा करत हिंडतं, घरी पिल्लू वाट पाहून रुसतं. शेवटी अस्वलाला उपरती होते आणि मध टाकून ते घरी पळतं. तात्पर्य काय, तर पोरांना मध नको, बापाचा वेळ हवा. सिनेमा संपल्यावर मिलिंद साहेबांनी माइकवर विचारलं, “काय शिकलात, मुलांनो?” मंजुषा उठली आणि म्हणाली, “माझे पप्पा पण तसेच. येतो म्हणतात, येत नाहीत. खोटं बोलतात.” साहेब म्हणाले, “ऐकलंत, पालकांनो?” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“तुन्ही पोरनी नाव काढं, भो!” चिंधा म्हणाला.

कारभारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला मशीनला जुंपून ठेवायचं आणि वर पोरांना शिकवायचं की बापाने वेळ द्यावा! अरे, चोर तो चोर, वर शिरजोर! हातातली बॉबिन त्याने ट्रॉलीत आपटली आणि तो कॅंटीनकडे निघाला.

त्याला दारात पाहताच मिलिंद साहेब खुलले. “बघा, एक बाबा आलेच! टाळ्या!”

“टाळ्या राहू द्या, साहेब,” कारभारी गरजला. “त्या अस्वलाला मध आणायला कोण पिटाळतं, ते का नाही दाखवलं? माझ्या जागेवर येणारा माणूस तुम्ही खुर्च्या उचलायला आणला, अन् पोरीपुढे खोटारडा मी ठरून राहिलो!”

साहेबांचं हसू मावळलं. “मग मशीनवर कोण आहे?” त्यांनी विचारलं. माइक चालूच होता.

“कोणीच नाही.”

मंजुषा जागेवरून उठली, बापाजवळ आली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, चेहरा भेदरलेला. त्याची बाही ओढत ती कुजबुजली, “पप्पा, जा ना जल्दी. नाहीतर तुम्हाला काढून टाकतील.”

चौथीतल्या पोरीला हा धडा कोणी शिकवला होता? कारभारीला संताप असह्य झाला, तो रडायच्या बेताला आला. साहेब दाराकडे बोट दाखवत होते, पोरगी दाराकडे ढकलत होती. त्याने साहेबाचं ऐकलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीचंही ऐकलं नाही. तिच्याशेजारची खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि स्वतःही बसला.

“सिनेमा परत लावा,” तो म्हणाला. “मी बघितला नाही.”