लातूरचं पोरगं पाण्यात

लष्कराच्या ट्रेनिंगमधून पोरं अर्ध्यातून परत का येतात, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं. नांदेडला एका मैदानाच्या फाटकासमोर माझं चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे. पहाटे त्या मैदानावर भरतीची पोरं पळतात आणि पळून झालं की माझ्याकडं येऊन उकडलेली अंडी, केळी, भिजवलेले हरभरे असं जे सापडेल ते फस्त करतात. निवड झाली की पेढ्यांचा पुडा आधी माझ्याकडं येतो. ट्रेनिंग सोडून पळून आलेलं पोरगंही आधी माझ्याकडंच येतं. कारण माझ्या हॉटेलात सगळं मिळतं, फक्त त्यांचा बाप मिळत नाही.

सगळ्या मैदानाचा मी मामा. त्यामुळं खरी कारणं मला कळतात. घरी सांगतात ती वेगळी.

एकजण ज्वारीच्या भाकरीपायी परत आला. "राजमा, मामा! सकाळी राजमा अन् संध्याकाळी राजम्याचा चुलतभाऊ!" असं म्हणून त्यानं माझ्याकडं ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली आणि खाताना डोळे पुसले. ठेच्यानं की आठवणीनं, ते मी विचारलं नाही. दुसरा पाच बहिणींच्या पाठीवरचा. त्याला जन्मात कुणी "ऊठ" म्हटलं नव्हतं. उस्तादानं पहिल्याच सकाळी म्हटलं, तेही ओरडून. आणखी एक महाभाग होता. उस्तादानं सगळ्यांना कान धरून बेडूकउड्या मारायला सांगितल्या, तर यानं सरळ विचारलं, "कायकू?" आमच्याकडं हा प्रश्न रोज शंभरदा विचारतात, त्यात काही वावगं नाही. तिथं होतं. उस्ताद म्हणजे तिथला शिकवणारा, आणि त्याला 'का' विचारायचं नसतं, एवढंच या गड्याला कुणी सांगितलं नव्हतं. काहींची नडगी पळून पळून तडकते आणि हाकलतील या भीतीनं पोरं ते लपवतात. त्यांना मात्र मी हसत नाही. दूध देतो, हळद घालून.

तर एवढा सगळा अनुभव गाठीशी असताना माझा सख्खा भाचाच ट्रेनिंगची काळी पेटी घेऊन हॉटेलाच्या मागच्या दारानं आत आला, तेव्हा मी मनातल्या मनात खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, चला, आज घरचा खेळ.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. आक्काला दिली आहे लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळकडं. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की गाव घागरी घेऊन पळतं, अशा गावात. हे पोरगं पळायला तिथंच शिकलं असं माझं मत आहे. भरतीच्या वेळी माझ्या मैदानावर ते असं पळायचं की बाकीची पोरं चालत असल्यासारखी दिसायची. निवड झाली तेव्हा गावानं जीपवरून मिरवणूक काढली, फाट्यावर फ्लेक्स लावला आणि आक्काला स्टेजवर खुर्ची दिली. सासरच्या गावात खुर्चीवर बसायची तिची पहिलीच वेळ. फोटोत ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली दिसते, कुणी उठवलं तर लगेच उठता यावं अशी.

"मामा, मायला सांगायचं न्हाई. आधी शप्पथ घ्या."

"घेतली. काय झालं? राजमा?"

"न्हाई."

"पोरगी?"

"न्हाई हो!"

"पाय मोडला?"

"मोडला असता तं बरं झालं असतं. पवता येईना."

मी हसलो नाही. म्हणजे, तोंडावर हसलो नाही. आत भट्टीकडं जाऊन, दूध उतू गेल्याचं निमित्त करून, हसून आलो. कारण पोराला मिळालं होतं नद्यांवर पूल बांधणारं खातं. अख्ख्या देशात पोरं काय कमी होती? पण नाही. पाण्याच्या खात्याला त्यांनी नेमकं लातूरचं पोरगं उचललं.

मग त्यानं सगळं सांगितलं. पळण्यात पहिला, दोर चढण्यात पहिला, नेमबाजीत बरा. आणि एक दिवस तुकडी पोहण्याच्या तलावावर नेली. "एवढं निळंशार पाणी, मामा! मी चपला काढून हात जोडले. देवळात गेल्यावानी." उस्तादानं विचारलं, कहाँ का है? यानं सांगितलं, लातूर. "अच्छा! जहाँ पानी रेलगाडी से जाता है?" सगळी तुकडी हसली, आणि त्या हसण्यातच कुणीतरी याला आत ढकललं. बांबूनं बाहेर काढलं. त्यानंतर रोज तेच. पाय काठावरून सुटला की हा दगड. शेवटी सगळ्यांबरोबर याला सुट्टीवर सोडलं, पण बजावून: परत आल्यावर पुन्हा परीक्षा. नापास झाला तर मागच्या तुकडीत. तिथंही जमलं नाही तर पेटी उचलायची आणि घरी.

"मी जात न्हाई, मामा. मागच्या तुकडीत कशाला बसू? इथंच तुमच्याकडं कपबशा विसळतो."

"त्यालाही पाणीच लागतं, बाबा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल बायकोवर सोपवलं आणि भाच्याला घेऊन आमच्या गावाकडच्या विहिरीवर गेलो. धर्माबादच्या रस्त्याला आमचं शेत आहे, आणि दिवाळीनंतर विहीर चांगली तुडुंब असते. पायऱ्यांची, दगडी, जुनी. थंडीत सकाळचं पाणी कोमट असतं, वर वाफ तरंगते. आमच्या वेळी वाळलेला भोपळा पाठीला बांधून पोरांना विहिरीत ढकलून द्यायचे. आता भोपळा वाळवायला कुणाला सवड आहे? म्हणून माझ्या हॉटेलाशेजारचे पंक्चरवाले चाचा ट्रकची ट्यूब घेऊन सोबत आले. चाचांना स्वतःला पोहता येत नाही. त्यामुळं त्यांच्याकडं सल्ल्यांची कमतरता नव्हती.

"डरतो कायकू, बेटा? पाण्याला दोस्त समज!" चाचा वरून, कठड्याला घट्ट धरून ओरडले.

"चाचा, तुमीच या की मग दोस्ताला भेटायला," भाचा पायरीवरून म्हणाला.

"मेरा घुटना!" चाचांनी लगेच गुडघा धरला.

मी उडी मारली. मला बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही, देवानं पुढं सोयच तशी करून ठेवली आहे. उताणा पडून मी पोटावर हात ठेवून दाखवला, कुशीवर होऊन दाखवलं, पाण्यात मांडी घालून दाखवली. भाचा ट्यूबमध्ये बसून ते सगळं कौतुकानं बघत होता, नाटकाला आल्यासारखा. ट्यूब काढली की मात्र पायरीला असा चिकटायचा की शेवाळानं शिकवणी लावावी.

"अरे, हात तरी सोड!"

"सोडतो हो. पण मामा, खाली जमीनच लागत न्हाई ना."

एवढंच त्याचं म्हणणं. आणि मला ते एकदम पटलं. ज्याचं सगळं कर्तृत्व जमिनीवर पाय आपटण्यात, त्याच्या पायाखालून जमीनच काढून घेतली तर त्यानं करायचं काय? त्यांच्या गावची विहीर म्हणजे दोर लावून उतरायचं आणि तळातलं गढूळ वाटीनं भरायचं. विहिरीत त्याचे पाय कायम टेकलेले होते.

तिसऱ्या दिवशीही तेच. सुट्टीचे दिवस सरत चालले होते आणि भाचा हॉटेलात खरोखरच कपबशा विसळायला लागला होता. विसळायचा चांगल्या, हीच भीती होती.

आता शपथ म्हणजे शपथ. आईला सांगणार नाही म्हटलं होतं, तर मी सांगितलं नाही. मी फक्त आक्काला फोन केला आणि विचारलं, "काय आक्का, कशी हायेस? आपली विहीर औंदा काठोकाठ भरली हाय. भाकरी घेऊन येतेस का?"

पलीकडं तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पोरगं तुझ्याकडं हाय न्हवं?"

"मी तसं काही म्हणालो का?"

"तू विहिरीसाठी फोन करणारा व्हय रे, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी एसट्या बदलत आली. मी भाच्याला घेऊन विहिरीवर होतो, चाचा कठड्यावर. शेताच्या धुऱ्यावरून डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन आक्का येताना दिसली तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ट्यूबसकट लपायला जागा शोधत होता.

"मामा! शप्पथ घेतली होती!"

"भाकरी मागवली मी. भाकरीवर शपथ नव्हती."

आक्कानं गाठोडं चाचांच्या हातात दिलं, पायऱ्या उतरून खाली आली आणि पोराच्या शेजारी बसली. ओरडली नाही. म्हणाली, "कामून तोंड लपवून राहिला? काय अडतंय, ते सांग."

त्यानं मान खाली घालून सांगितलं. पहिल्यापासून. फाट्यावरचा फ्लेक्स, तिची खुर्ची, मागची तुकडी, सगळं. शेवटी तेच वाक्य: "माय, खाली जमीनच लागत न्हाई."

"हाय की जमीन," आक्का म्हणाली. "थांब."

तिनं पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा मारला आणि पायरीवरून सूर मारला. पाणी फार उडालंसुद्धा नाही.

आता वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि भाच्याला नव्हती. लग्नाआधी आमच्या गावात आक्काला पाणकोंबडी म्हणायचे. मला पोहायला तिनंच शिकवलं. विहिरीच्या तळाची माती मुठीत आणून दाखवायची, हा तिचा खेळ. पैज लावणारी थोराड पोरं हरून घरी जायची. मग लग्न झालं आणि ती टँकरच्या गावात गेली. तिथं कुणाला काय सांगणार? पोहता येतं म्हणावं, तर दाखवायला गुडघाभर पाणी नाही. मांजराला उडता येतं म्हटल्यासारखं. तिनं सांगितलंच नाही. पोरालाही नाही.

त्यामुळं भाच्यानं एवढंच पाहिलं की त्याची माय पाण्यात गेली आणि वर येत नाही.

"मामा! माय!"

खरं सांगायचं तर त्या घटकेला मीही जरा मनात वर्षं मोजली. पाणकोंबडी आता पन्नाशीकडं झुकली होती. पाणी सपाट झालं. एक बुडबुडा आला. चाचांनी वरून "या अल्लाह!" म्हणून भाकरीचं गाठोडं छातीशी धरलं.

आणि भाच्यानं उडी मारली. ट्यूब पायरीवर, पोरगं विहिरीच्या मधोमध. उडी कसली, जिन्यावरून पडावं तसा पडला. पण हातपाय असे झोडत होता की कोमट पाण्याला फेस आला. बुडत होता की पोहत होता ते मला कळेना, पण पाण्यावर होता, एवढं नक्की.

तेवढ्यात त्याच्या शेजारी आक्काचं डोकं वर आलं. तिनं एक मोठा श्वास घेतला, त्याच्या हनुवटीला हात लावून त्याला वर उचललं आणि मूठ उघडून काळी, चिकट माती त्याच्या हातात थापली.

"ही घे तुझी जमीन. खालीच हाय. कुठं जात न्हाई. आता सोड तिला, मूठ आवळून कोणी पवत न्हाई."

त्यानं मूठ सोडली. पाण्यात काळा ढग झाला, पसरला आणि गेला. मी पाहत होतो. आक्कानं हनुवटीचा हात हळूच काढून घेतला होता आणि पोराला ते कळलं नव्हतं. कळलं तेव्हा चार हात मारून झाले होते.

त्यानंतर आक्का सुट्टी संपेपर्यंत माहेरी राहिली. तिची शिकवण्याची रीत जुनीच. हातात चिंचेची फोक घेऊन पायरीवर बसायची आणि भाच्याची बोटं पायरीला लागली की फटका. चाचा म्हणाले, "आपा, जरा सबूर!" तर त्यांच्याकडं फोक दाखवून म्हणाली, "तुमी उतरता का?" चाचांचा गुडघा परत दुखायला लागला. पण दुपारी सगळ्यांनी बांधावर बसून भाकरी खाल्ली, आणि आक्का केस सुकवत बसली. एवढी निवांत मी तिला लग्नात निरोप दिल्यापासून पाहिली नव्हती. भाचा तिच्याकडं चोरून बघत होता, नव्या माणसाची ओळख झाल्यासारखा.

"माय, हे तू मला आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणला असतास, दाखव," ती म्हणाली आणि ठेच्याचा डबा पुढं सरकवला.

पेटी घेऊन भाचा गाडीत बसला. तिथल्या पोरांना फोन मिळतो रविवारी, म्हणून पुढच्या रविवारी मी सकाळपासून गल्ल्यावर फोन ठेवून बसलो. गिऱ्हाइकांना आज चहा गोड का झालाय ते कळेना. आक्काचा मला तीनदा फोन येऊन गेला, "लाइन मोकळी ठेव," असं सांगायला.

शेवटी आला एकदाचा.

"मामा, पास!"

मी कढईत झारा आपटला. चाचा ट्रकच्या चाकाखालून बाहेर आले.

"कसा पवलास?"

"कसा म्हणजे, उस्ताद म्हणले, ऐसा तैरना पहली बार देखा. भैंस जैसा. पण पल्याड गेलो. मग विचारलं, छुट्टी में किसने सिखाया? मी म्हणलो, माँ ने."

"मग?"

"ते म्हणले, लातूर में? माँ ने? झूठ बोलता है! अन् मैदानाच्या चकरा दिल्या."

"अरेरे! पास होऊन शिक्षा?"

"शिक्षा कशाची, मामा?" पोरगं तिकडून हसलं. "जमिनीवरच पळायचं होतं. मागितल्यापेक्षा दोन जास्त मारल्या."