कापलेल्या पट्टीतली मुलगी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक वेळा हसते. मी परभणीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकरी पिशवीत माती आणतो, म्हणतो, "ताई, जमीन लय कसदार हाय," आणि रिपोर्ट भलतंच सांगतो. एकवीस वर्षं हेच बघितल्यामुळं नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायची सवयच गेली. उतारा, बाधा, अंगात येणं... आमच्या घरात यातलं काहीच नाही. माझे वडील, अण्णा, रिटायर्ड मास्तर. ते तर माझ्याहून कडक. तरी हे लिहायला बसले, कारण मला खरंच कळत नाहीये.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार. दुपारचे साडेबारा. घरच्या कॉम्प्युटरवर मी जुने फोटो दुरुस्त करायचं एक नवीन सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलं होतं. डाग काढतं, अस्पष्ट चेहरे स्पष्ट करतं, फाटलेला भाग स्वतःच्या अंदाजानं भरून देतं. नेटशिवाय चालतं. हे मुद्दाम सांगते, कारण गल्लीतली केबल तुटल्यामुळं त्या दिवशी सकाळपासून नेट नव्हतंच.

आमच्या घराण्याचा जुना फोटो एकच आहे. अण्णांच्या पेटीत असतो. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीवर पहिली मोटार बसवली, तेव्हा फोटोग्राफर बोलावून काढलेला. खुर्चीवर आजोबा, म्हणजे आबा. मागे आजी, तिच्या कडेवर धाकटे काका. उजवीकडं बारा वर्षांचे अण्णा, टोपी घालून ताठ उभे. आणि त्यांच्या पुढं फोटो संपतो... कात्रीनं सरळ उभा कापलेला. वाळवी लागली म्हणून कापला, असं मी लहानपणापासून ऐकलेलं.

स्कॅन केला. कापलेल्या बाजूला पट्टीएवढी जागा सोडली आणि 'भरा' म्हणून बटण दाबलं. मला वाटलं विहिरीचा काठ येईल, फार तर एखादं झाड.

मुलगी आली.

तेरा-चौदा वर्षांची, परकर-पोलक्यातली, काटकुळी. डावी भुवई अर्ध्यातच संपलेली. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळलेली, आणि तो हात छातीशी धरलेला. कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती. खाली, जमिनीकडं बघत होती. मी हसले. म्हटलं, बघा, फुकटात एक बहीण मिळाली अण्णांना!

तेवढ्यात अण्णा जेवायला बोलवायला आले. "काय करतेयस गं? भाकरी गार होऊ—" आणि थांबले. खुर्चीची पाठ धरली.

"ही कुठून आणलीस?"

"मी नाही आणली अण्णा. सॉफ्टवेअरनं केली. उगाच काहीतरी भरतंय."

"उगाच न्हाई," अण्णा म्हणाले. "अक्का हाय ही."

शाळेतल्यासारखं शुद्ध बोलणारा माझा बाप. त्यांच्या तोंडून 'हाय' मी किती वर्षांनी ऐकलं असेल. आणि अक्का कोण? अण्णांना एक धाकटा भाऊ, बस्स. हेच मला माहीत.

भाकरी गार झाली. अण्णा बोलत होते. त्यांची थोरली बहीण, शेवंता. सोळाव्या वर्षी लग्न झालं. सासरी मारहाण. तीन वेळा माहेरी पळून आली, आबांनी तिन्ही वेळा परत नेऊन सोडली. चौथ्या वेळी ती निघाली ती माहेरी आलीच नाही. आबांनी सांगून टाकलं, आमच्यासाठी ती मेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेटी उघडली तर फोटो कापलेला.

"चुलीचा भडका उडून भुवई जळली व्हती तिची," अण्णा म्हणाले. "हात का बांधलाय, ते काय आठवत न्हाई."

"कुठं वारल्या त्या?"

अण्णांनी स्क्रीनवरच्या मुलीकडं बघितलं. मग म्हणाले, "मानवतला हाय. जितीजागती. जिनिंगमधी कामाला व्हती. गावचा एक जण कापूस घेऊन जायचा, तो सांगायचा."

मानवत! एसटीनं तासाभरावर. पन्नासहून जास्त वर्षं हा माणूस इथं राहिला, आणि एकदाही गेला नाही. मी तोंडावर विचारलं, का? तर म्हणाले, "आदी आबाच्या भ्यानं. मग लाजंनं."

त्या संध्याकाळी मी तोच फोटो परत भरून बघितला. खांब आला. परत केला, झुडूप आलं. एकदा पँट-शर्टातला कुणीतरी माणूस आला. पुढच्या आठवडाभरात चाळीसेक वेळा तरी केलं असेल... ती मुलगी काही परत आली नाही. पहिली फाइल मी सेव्ह केली होती म्हणून बरं. ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "अहो, हजारो फोटोंवरून ते चेहरे बनवतं. जुळला एखादा." त्यांचं पटलं. मग घरी येऊन ती अर्धी भुवई बघितली की पटलेलं जायचं.

पुढच्या रविवारी अण्णा स्वतःच सकाळी आंघोळ करून तयार. "चल," म्हणाले. "ती फोटोची कॉपी घे."

मानवतला विचारत विचारत दोन खोल्यांचं एक घर सापडलं. दारात एक म्हातारी तूर निवडत बसलेली. डावी भुवई अर्धी.

तिनं अण्णांकडं बघितलं. सूप खाली ठेवलं. "बाळू?"

अण्णांनी मान हलवली.

"लय उशीर केलास रे," आत्या म्हणाली. मग उठली, तांब्या भरून आणला. "पाय धू. आत ये."

रडणं, चहा, कोण गेलं, कोण राहिलं... ते सगळं लिहीत नाही, आमचं घरचं आहे. शेवटी अण्णांनी पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. आत्यानं तो उजेडाला धरला.

"मीच हाय की. पर ह्यो फोटू कुठला?"

"विहिरीवरला. मोटार बसवली तवाचा. आबानं तुला कापून काढलं व्हतं, त्यो."

"मी कुठं व्हते त्या फोटूत?"

"अक्का, असं काय करतीस? माझ्या शेजारी व्हतीस."

"न्हाई रे." आत्यानं फोटोतल्या चिंधीवर बोट ठेवलं. "त्या दिशी सकाळीच विंचू चावला मला, ह्या हाताला. मायनं लुगड्याचा काठ फाडून बांधला. मी आत बाजंवर पडून रडायले व्हते. उठले तवा फोटूवाला निघून बी गेला व्हता. आपल्याला घेतलंच न्हाई म्हणून आनिक रडले."

"तुझा हात माझ्या खांद्यावर व्हता," अण्णा म्हणाले. "मला आजूक कळतंय त्यो हात."

"मी न्हवते, बाळू."

"मग आबानं कापलं कोनाला?"

"ते मला काय माहीत? तितं तू व्हतास."

मी मध्ये बसलेले. अण्णा म्हणतात ती शेजारी होती. आत्या म्हणते ती घरात होती. आणि फोटोत ती विहिरीजवळ आहे, पण अण्णांपासून हातभर लांब, चिंधी बांधलेला हात छातीशी. विंचवाचं अण्णांना आठवत नव्हतं, मला माहीत असायचा प्रश्नच नाही. आत्याचा लहानपणीचा दुसरा फोटो कुठंच नाही. त्या पट्टीत खरं कोण होतं हे सांगू शकणारे आबा आणि आजी दोघंही जाऊन जमाना झाला.

सॉफ्टवेअरची ट्रायल संपली, मी ते काढून टाकलं. कुणाला हे उलगडत असेल तर सांगा, चेष्टा केली तरी चालेल.

आत्या आता दर महिन्याला चार दिवस आमच्याकडं असते. दुपारी दोघं जण ओसरीत बसून भांडतात, "व्हतीस," "न्हवते." परवा आत्या थकून म्हणाली, "बरं बाबा, व्हते." थोड्या वेळानं अण्णा हळूच म्हणाले, "न्हाई अक्का... तू न्हवतीस वाटतं."