लेबेनेच्या वाट्याचा घास

एफो सेनानू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, लेबेनेचे यजमान; एफो म्हणजे आमच्याकडे दादा. आमच्या आगबोझुमे गावात त्यांच्यासारखा विणकर नाही आणि त्यांच्यासारखा हट्टी माणूसही नाही. एक धागा चुकला तर वीतभर पट्टी उसवतील, पण दुसऱ्याचं ऐकतील तर शपथ. मनाने मात्र लोणी.

त्यांच्या घरातली घोरपड मात्र लेबेनेची. कसाव्याच्या शेतात तिला बोटाएवढं पिल्लू सापडलं. आमच्याकडे घोरपड दिसली की लोकांना रस्सा आठवतो, हिला माया आली. नाव ठेवलं आफेनो, म्हणजे घरधनीण. ही घरधनीण दिवसभर अंगण उकरायची आणि गोगलगायी, वाणी, रातकिडे कडाकड फोडून खायची. एफोंच्या मागाचा ताणा पार वाटेपर्यंत लांब जातो, आणि त्याच्या टोकाला दगड ठेवलेली फळी असते. विणाल तशी ती फळी मागाकडे सरकत येते. आफेनो त्या दगडावर ऊन खात बसायची आणि बसल्या बसल्या एफोंच्या पायाशी पोचायची. या घरात फुकट गाडीतून फिरते ती हीच, असं लेबेने म्हणायची.

गेल्या वर्षी लेबेने तापाने गेली, आणि एफोंचं जेवणखाण मी बघू लागले.

आमच्यात जेवायला बसलं की गेलेल्या माणसाचा घास आधी जमिनीवर टाकतात. एफोंनी अक्प्लेचा, म्हणजे मका-कसाव्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा भेंडीच्या रश्शात बुडवला, वर तळलेल्या मासळीचा तुकडा ठेवला आणि बायकोचं नाव घेऊन खाली टाकला. आफेनो तुरुतुरु आली आणि सगळं चाटूनपुसून गेली.

"घेतला," एफो म्हणाले. "बघितलंस ना आकोफा? तिने घेतला."

मीही रडले. बहीण होती माझी.

मग तो घास वाढतच गेला. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी मासळी, संध्याकाळी पुन्हा अंडं. शेजारणीही लेबेनेच्या नावाने आपापला घास आणून टाकू लागल्या. आफेनोची शेपूट मुळाशी रताळ्यासारखी फुगली, पोट जमिनीला घासू लागलं, मागचे पाय फरफटू लागले. दगडावर चढणं तर सोडाच. शेजारचे दोत्से शेतावरून येताना थांबले आणि म्हणाले, सेनानू, ही घोरपड आहे की लग्नासाठी पोसलेला बोकड? रानातल्या घोरपडी किडे-गोगलगायींवर जगतात, एकही एवढी लठ्ठ दिसत नाही, अशाने ही मरेल. एफो धोटा फेकत विणतच राहिले.

मी अंडी बंद करा म्हटलं, तेव्हा मात्र बोलले.

"अंडं बंद करायला काय लागतं? पण मी कुणाचं ताट बंद करतोय, ते कळतंय का तुला?"

 एका सकाळी आफेनो मागाखाली तोंड वासून पडलेली दिसली. धाप लागली होती. एफो तिच्या नाकाशी अंडं धरून बसले होते आणि ती मान फिरवत होती. माझं डोकं फिरलं.

"एफो, ही लेबेने नाही. लेबेनेची आहे. तिने जीव लावलेलं जनावर तुम्ही तिच्याच नावाने मारताय."

त्या दिवशी माग बंद राहिला. दुसऱ्या दिवशी हा माणूस, ज्याने जन्मात कुदळ धरली नव्हती, पहाटेच टोपली घेऊन कसाव्याच्या शेतात गेला. परतला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, पण गोगलगायी आणि नाकतोडे घेऊन. आफेनोला तेवढंच मिळू लागलं, तेही रोज नाही. अंगणात एफोंनी तिच्यासाठी माती भुसभुशीत करून दिली. लेबेनेचा घास पडतच होता, पण एफो हातात काठी घेऊन आफेनोला हाकलायचे. घास कोंबडी उचलायची आणि एफो तोंड फिरवायचे. बायकोला काठीने हाकलतो, असं शेजारणी कुजबुजायच्या. ते त्यांना ऐकू जायचं. या दिवसांत त्यांचं स्वतःचं जेवणही निम्म्यावर आलं, आणि मला घोरपडीपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटू लागली.

हळूहळू आफेनो बारीक झाली. पाय उचलून चालू लागली, आणि एका दुपारी आपली आपण दगडावर चढली. त्या दिवशी एफोंनी जेवताना काठी घेतली नाही. नेहमीसारखा घास टाकला, वर मासळीचा मोठा तुकडा, आणि श्वास रोखून बसले. आफेनो आली. जीभ काढून वास घेतला. मग घासाला वळसा घालून भिंतीकडे गेली, माती उकरली, रातकिडा काढला आणि कडाकड खाल्ला.

आता हा माणूस कोसळणार, असं मला वाटलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

एफोंनी आधी त्या घासाकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"लेबेनेचीच सवय," ते म्हणाले. "मी मासळी पुढे सरकवायचो, आणि ही बया उठून भांड्याच्या बुडाची खरवड खायची."

लेबेने गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले, आणि माझ्याकडे अजून एक गोळा मागितला. मला डोळ्यांतल्या पाण्याने भांडं दिसेना.