कुंदाच्या घरचा रविवार

आम्ही जुनी मंडळी भेटलो, की बस्तीतल्या रविवारांचे किस्से निघतातच. एक सांगून होत नाही तर दुसरा म्हणतो, "अरे, तो राहिलाच!"

सत्तरच्या आसपासची गोष्ट. उत्तर नागपुरातल्या एका बस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये आमचे निवृत्त हेडमास्तर सर वर्ग चालवायचे. आम्हा कॉलेजच्या पोरापोरींना त्यांनी एकेक घर वाटून दिलं होतं. मुलीला शिकवायचं आणि घरच्यांशी बोलायचं, दर रविवारी. माझ्या वाट्याला आली कुंदा.

* * *

पहिल्याच दिवशी कुंदाच्या आईनं, पारबताबाईंनी, चहा पुढे केला. मी तेव्हा चहा प्यायचेच नाही. तसं म्हटलं.

बाईंनी कप तसाच हातात धरला. "चहा नाही पीत, का आमचा नाही पीत?"

मी दोन कप प्यायले! ती सवय आजतागायत सुटली नाही.

* * *

पुढच्या रविवारी मी पुस्तकी उपदेश केला. "कुंदाला अभ्यासाला घरात एक वेगळा कोपरा द्या."

पारबताबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "कोपरे चार हायेत, बाई. एकात चूल, एकात सासू, एकात बकरी. चौथ्यात तुम्ही बसून राहिल्या!"

* * *

कुंदाचे बाबा मिलमध्ये होते. प्रगतिपुस्तक आलं की न बघता अंगठा उठवायचे. सर कुंदाला म्हणाले, "बाबांना सही शिकव." तिनं जीव लावून सही शिकवली, आकडेही शिकवले.

पुढचं प्रगतिपुस्तक बाबांनी बराच वेळ हातात धरलं. "थांब वं. गणितात सोळा काहून?"

कुंदा माझ्या कानाशी लागली. "ताई, फसली मी!"

* * *

आमच्यातला माधव बी.एस्सी.ला नापास झाला. लाजेनं बस्तीत यायचा बंद झाला. तिसऱ्या रविवारी त्याच्या धरमपेठेतल्या घरासमोर एक अख्खं कुटुंब उभं! तो जिला शिकवायचा ती सुनंदा, तिचे आईवडील, आजीसुद्धा.

वडील म्हणाले, "आमची पोरगी सातवीत नापास झाली, तवा तुम्ही घरी आले होते. म्हणून आम्ही आलो."

माधव मान खाली घालून उभा. आजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अभ्यास काहून नाही करत गा?"

* * *

मध्ये शाळा सुटल्यामुळे कुंदा एकोणिसाव्या वर्षी मॅट्रिकला बसत होती. परीक्षा महिन्यावर आली आणि मामानं मौद्याचं स्थळ आणलं. मुलाकडचे लग्न लगेच हवं म्हणत होते. भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून पारबताबाईंनी मुलगी बघायच्या दिवशी सरांना आणि मला बोलावून घेतलं.

मुलाचे वडील मुलाला म्हणाले, "पोरीले काही विचाराचं असन तं विचार."

मुलगा घाबरलेला. हळूच म्हणाला, "इंग्रजी कसं काय जमते तुम्हाले? मी दोनदा त्याच्यातच अडकलो."

वडिलांचा चेहरा पडला. मामा छताकडे बघायला लागला.

कुंदानं पहिल्यांदाच मान वर केली. "रविवारी सकाळी विहारात वर्ग असते. येऊन पाहा."

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये शिरले, तर मौद्याची पहिली बस पकडून आलेला तो मुलगा लहान पोरींच्या मागं मांडी घालून बसलेला! सर उशिरा येणार होते, म्हणून कुंदा फळ्यापाशी उभी होती.

"चला, सगळ्यांनी वह्या उघडा," ती म्हणाली. मग मागं बघून, "तुम्ही पण!"