उरलेली लस

"दुसरी सिस्टर नाही का?"

बाई मराठीच, माझ्यासारखी परराज्यात आलेली. नवरा बँकेत मोठा साहेब, घर जगतपुऱ्याच्या सोसायटीत. करोनाची दुसरी लाट. सोसायटीतच लसीकरण. माझं मराठी ऐकून खुशीनं दंड पुढे केलेला. मग बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचलं, गाव विचारलं.

"नंदुरबारच्या? म्हणजे भिल्ल?"

"हो."

दंड मागे गेला. "राग नका मानू हं. कोट्यातून पास झालेल्या ना तुम्ही... सुई आहे, मतलब, भीती वाटते."

मी दुसरीला हाक मारली. वर हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

फाटकाबाहेर कमली उभी होती. बांसवाड्याची भिल्ल. शेजारच्या इमारतीवर विटा वाहायची. तिची बोली माझ्या आईच्या बोलीला लागून. हातात आधार कार्ड होतं. मोबाइल नाही, म्हणून नोंदणी नाही. वॉचमननं आत सोडलं नाही.

संध्याकाळी उघडलेल्या बाटलीत थोडी लस उरली. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं, बाहेरच्यांना देऊ?

"फेंक दीजिए. जंगल के लोग हैं, इनको कुछ नहीं होता."

मी फेकली. माझ्या हातानं.

थोड्याच दिवसांत कमलीला नवऱ्यानं हातगाडीवरून आमच्या हॉस्पिटलच्या दारात आणलं. श्वास लागलेला. बेड नाही म्हणाले. वरच्या मजल्यावर एक होता, कुणा साहेबासाठी राखलेला. मी सिलिंडरसाठी धावले. परत आले तेव्हा नवऱ्यानं तिच्या तोंडावर ओढणी टाकली होती.

त्या लसीनं ती वाचली असती का, मला माहीत नाही. लस होती आणि ती कचऱ्यात गेली, एवढं माहीत आहे.

सोसायटीतल्या पुढच्या शिबिराआधी मी कमली राहायची त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. माझ्या मोबाइलवरून मजुरांची नोंदणी केली. सकाळी ते रांगेत सगळ्यात पुढे.

दुसऱ्या डोससाठी आलेली तीच बाई ओरडली, "अहो, हे लोक आमच्या आधी?"

"आधी आले, आधी घेतील. तुम्ही मागे उभ्या राहा."

तक्रार झाली. हॉस्पिटलनं माफीनामा मागितला. मी कागदावर कमली कशी मेली ते लिहिलं. नोकरी गेली.

आता दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. पुढच्या साथीच्या तयारीच्या बैठका होतात. सोसायट्यांच्या याद्या तयार असतात. शेडचं नाव कुणी काढत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच शेडमध्ये जाते, एकेक नाव लिहून घेते.

साथ येईल. या वेळी मी कुणाला विचारणार नाही.