आमच्या बाजूने पडलेली टाळी

माझा जीव कशात आहे असं कोणी विचारलं तर मी सरळ फोन काढून दाखवते. माझा जीव शक्ती-तुऱ्याच्या ग्रुपमध्ये आहे. हसा, खुशाल हसा! ऑफिसातल्या बाकीच्या जणी साड्यांच्या नाहीतर परदेशी मालिकांच्या ग्रुपवर असतात, आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई डबा खाताना कानात बोंडं घालून कोकणातल्या ढोलक्या ऐकते. मधेच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडले की साहेब केबिनमधून डोकावतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. शक्ती-तुरा म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचा गाण्यांचा सामना. शक्तीवाले म्हणणार देवी मोठी, तुरेवाले म्हणणार शंकर मोठा. एका बाजूने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जबाब द्यायचा. अशा एका सामन्याला म्हणायचं बारी. गिरणीत आलेली आमची माणसं हे भांडण ट्रंकेत घालून मुंबईला घेऊन आली. माणूस जन्माने एका बाजूचा असतो आणि मरेपर्यंत तिथेच राहतो. बाईचं तेवढं वेगळं. लग्न झालं की नवऱ्याची बाजू ती तिची बाजू.

तर ग्रुप. कोणी नवखा येतो आणि भाबडेपणाने विचारतो, "सुरुवात कुठून करू?" झालं! एक म्हणतो ही बारी ऐक, दुसरा म्हणतो त्याचं ऐकशील तर बहिरा होशील. एकदा एका पोरीने लिहिलं, "बाप तुरेवाला, सासरा शक्तीवाला, दोघं एकाच गाडीतून गावी निघालेत. भांडण होणार नाही असं काहीतरी सुचवा." गाडी गावाला पोचून परत आली तरी आमचं एकमत झालं नव्हतं. मस्कतला ड्रायव्हर असलेला एक जण जुन्या कॅसेटी साफ करून चढवतो, म्हणजे खरखर काढतो, ढोलकी वर आणतो. डोंबिवलीच्या एक काकू आहेत, त्यांना कधीच काही आवडत नाही. त्यांनी नुसतं "ठीक" लिहिलं तरी मी डोळे मिटून ते लावते. माझा सल्ला विचाराल तर, किती जणांनी बघितलं त्यावर मुळीच जाऊ नका. खाली भांडण किती पेटलंय ते बघा आणि तेच ऐका.

या ग्रुपच्या नादाला मी बाबांना लावलं, आणि तिथेच फसले.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात मागावर होते आणि तुरेवाल्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. संप झाला तेव्हा आमच्या करी रोडच्या चाळीत भरदुपारी बाऱ्या रंगायला लागल्या, कारण पाळीच नव्हती कुणाला. अशाच एका दुपारी समोरून शक्तीवाल्यांची पार्टी आली, आणि तिचा शाहीर कोण, तर आईचा सख्खा भाऊ! मामा तेव्हा कॉटन ग्रीनला गोदामात कामाला होता. ती बारी आमची पार्टी हरली. बाबांचं म्हणणं, हरलो नाही, हरवलं. मामाच्या शेवटच्या जबाबानंतर आमच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली म्हणे. ती पडली आणि मग सगळी चाळ टाळ्या पिटायला लागली. "आपल्यातच फितूर होता!" हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले. चाळ पडली, तिथे टॉवर आला, आम्ही विसाव्या मजल्यावर राहायला गेलो, तरी बाबांचा फितूर काही सापडेना. मामा गावी परतला. बाबा त्याच्याशी लग्नकार्यात "काय, बरं?" एवढंच बोलायचे. आईला त्या दोघांच्या मधे उभं राहून पाणी द्यावं लागायचं, आणि तिचा चेहरा बघवायचा नाही.

आता बाबांच्या हातात ग्रुप आला. एका बोटाने त्यांनी पहिलाच मजकूर लिहिला, "संपातली करी रोडची बारी कोणाकडे आहे काय? फितूर पकडायचा आहे."

अरे देवा! ग्रुप नुसता उसळला. लोकांनी पोटमाळे उपसले. शेवटी विरारच्या एका मास्तरांना वडिलांच्या पेटीत कॅसेट मिळाली, आणि ती मस्कतकडे रवाना झाली. बाबा रोज मला विचारायचे, "आलं का गो?" मीही हापिसात कामाचे कागद सोडून तेच बघत बसायचे. आई मात्र फणकारायची, "कशाला जुनं उकरून काढता? मेलं ते गेलं!"

रविवारी सकाळी बारी आली. आई ओट्यावर मांदेली साफ करत होती. मी स्पीकर मोठा केला आणि बाबा गादीवरून थेट खाली येऊन बसले.

आमच्या पार्टीचा सवाल होता, गिरणीचा भोंगा बंद पडला, तर सांगा शाहीर, सकाळ झाली कशी? आणि मामाचा आवाज आला, तरणाबांड, काळीज चिरणारा. भोंग्याने कधी सकाळ झाली नव्हती, असं तो गात होता. चूल पेटवायला बाई उठली, तीच सकाळ. संपात आई पहाटे उठून खानावळीला चपात्या लाटून द्यायची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि टाळी पडली. एकच, खणखणीत.

ग्रुपवर धडाधड मजकूर यायला लागले. "टाळी बाईची आहे! बांगड्या वाजल्यात!" डोंबिवलीच्या काकूंनीसुद्धा लिहिलं, "ठीक." बाबा तर हरखूनच गेले. "धा नंबरच्या खोलीवाली! मी म्हटलं होतं!" तेवढ्यात मस्कतवाल्याचं आलं, "टाळीच्या मागोमाग एक पोर बोलतंय, ते ऐका." मी मागे घेऊन पुन्हा लावलं. बांगड्या किणकिणल्या, आणि झोपेतलं एक चिडकं, नाकातलं पोर बोललं, "आये, वाजव नको गो. झोपू दे."

तो आवाज माझा होता.

अजूनही झोपमोड झाली की मी तशीच नाकातून किरकिरते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दुपारी मी आईच्या मांडीवर झोपले होते, आणि रेकॉर्डर आमच्याच बाजूच्या बायकांपुढे स्टुलावर ठेवलेला. मला आधी हसू फुटलं. मग बाबांकडे बघितलं आणि स्पीकर बंद केला. फितूर पकडून दिला होता मी, सहा वर्षांची असताना.

आई नळाखाली हात धूत राहिली. पाणी बंद करून म्हणाली, "दादा गायला आणि मला राहवलं नाही. आता काय बोलायचं ते बोला."

बाबांनी फोन माझ्या हातून ओढून घेतला आणि एका बोटाने लिहीत बसले. किती वेळ लावला! आईने दोनदा पदराला हात पुसले. तिकडे ग्रुप विचारत होता, कोण, कोण, सांगा ना! शेवटी बाबांचा मजकूर गेला. मी मोठ्याने वाचला.

"टाळी बरोबर होती."

आई बाबांपुढे येऊन बसली. "मग तेव्हाच का नाही म्हणालात हो?"

"तेव्हा गिरणी गेलेली," बाबा म्हणाले. "आणखी किती हरू?"

ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडत होती, एकावर एक, शक्तीवाल्यांची आणि तुरेवाल्यांचीही. बाबांनी ती बघितली नाहीत. फोन आईपुढे धरला आणि म्हणाले, "घे. मेव्हण्याला लाव. आणि तो उचलेल तेव्हा तू बोलू नको. आधी मी बोलतो."